फिशटँकमधल्या वनस्पतींना दिव्याचा उजेड किती हवा?

टँकमधल्या वनस्पती पिवळ्या पडू लागल्या की अनेक जण जास्त वॅटचा दिवा आणतात आणि तो दिवसभर सुरू ठेवतात. काही आठवड्यांनी वनस्पती तशाच राहतात, काचेवर मात्र हिरवं शेवाळ चढतं. असं का होतं?

दिवा कसा निवडायचा?

प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. त्यातला निळा आणि लाल प्रकाश हरितद्रव्य सर्वाधिक शोषतं. चांगल्या पांढऱ्या एलईडीमध्ये हे दोन्ही रंग असतात, त्यामुळे जांभळा दिवाच हवा असं नाही.

खोक्यावरचे वॅट फक्त वीज किती लागेल ते सांगतात. ल्युमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड. वनस्पतींना उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप 'पार' या नावाने दिलेलं असतं. टँक जितका खोल, तितका तळापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो, हेही लक्षात घ्यावं लागतं.

जास्त उजेडाने नुकसान का?

प्रकाश वाढला की वनस्पतींची कार्बन डायऑक्साइड आणि खताची गरजही वाढते. पण हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. तो पुरला नाही, तर वाढ तिथेच थांबते. उरलेल्या प्रकाशाचा फायदा शेवाळ घेतं. पानांवर शेवाळाचा थर बसला की खालच्या पानाला प्रकाश आणखी कमी मिळतो.

म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडण्याची सोय नसलेल्या टँकमध्ये अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशा कमी उजेडात जगणाऱ्या वनस्पती बऱ्या. गालिच्यासारख्या पसरणाऱ्या आणि बऱ्याच लाल पानांच्या जातींना प्रखर प्रकाशासोबत हा वायूही लागतो.

दिवा किती तास?

नव्या टँकसाठी रोज ६ ते ८ तास पुरेसे असतात. वेळ ठरावीक राहावी म्हणून साधा टायमर लावता येतो. टँक खिडकीजवळ असेल तर उन्हाचा उजेडही हिशेबात धरावा.

रात्री दिवा बंदच हवा. माशांना विश्रांतीसाठी अंधार लागतो आणि बहुतेक माशांना डोळे मिटायला पापण्याच नसतात.

वनस्पती काय सांगतात?

दोन पानांमधलं अंतर वाढून खोड लांबुळकं होत असेल, तर उजेड कमी पडतोय. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर बहुधा लोह कमी आहे. तिथे दिवा वाढवून उपयोग नाही.

नव्या वनस्पतींची जुनी पानं पहिल्या काही आठवड्यांत गळली, तर घाबरू नये. अनेक रोपवाटिकांमध्ये या वनस्पती पाण्याबाहेर वाढवतात. पाण्यात आल्यावर त्यांना नवी पानं फुटावी लागतात.