देखावा, नकाशा आणि निसर्गचित्र



चित्रकलेवर बोलण्यासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकास पाचारण करावे, यात संयोजकांचे धाडस अधिक की माझे, हे आपणच ठरवावे. कुंचला मी हाती धरलेला नाही. शब्दांची उलथापालथ करीत मात्र सारा जन्म गेला. तेव्हा प्रारंभ शब्दापासूनच करतो.

आपल्या घरांतून निसर्गचित्राला अजूनही ‘देखावा’ म्हणतात. गणपतीपुढची आरास हाही देखावाच, आणि मनात नसताना केलेला दिखाऊ व्यवहार हाही देखावाच. उलट, इंग्रजांनी ‘लँडस्केप’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचांकडून घेतला. त्याच्या मुळाशी जो डच शब्द आहे, त्याचा अर्थ मुलूख, भूप्रदेश. एका भाषेत मुलूख आणि दुसरीत दिखाऊपणा! या दोन अर्थांमधले अंतर कापायला आपल्या चित्रकारांना सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि त्या वाटचालीतला एक मोलाचा टप्पा आपल्या या माळव्यात पडला. हेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे निसर्गाचे चित्रण नव्हते काय? विपुल होते. येथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. नीमचमध्ये जन्मलेले आपले विष्णू श्रीधर वाकणकर 1957 मध्ये तेथील शैलाश्रयांत पोहोचले आणि जगाला एक चित्रशाळाच सापडली; 2003 मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे गवा आहे, हरिणांचे कळप आहेत, शिकारी आहेत, नाचणारी माणसे आहेत. क्षितिज मात्र नाही. ज्याने हे रंगविले तो त्या रानातच राहत होता. रान समोर ठेवून पाहण्याची गरज त्याला भासली नसावी. सांचीची तोरणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. तेथे कमळांनी भरलेली पाणी आहेत, हत्ती आहेत, अरण्ये आहेत. बुद्ध मानवी रूपात दाखवावयाचा नाही म्हणून त्याच्या जागी बोधिवृक्ष उभा आहे. झाड हेच कथेचे मुख्य पात्र असलेली शिल्पे जगात फार नसतील. परंतु तेही कथेसाठीच.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने तर ऋतू आणि प्रहर कसे रंगवावेत याचे नियमच घालून दिले. उन्हाळा दाखवावयाचा तर सूर्य रंगवून भागत नाही. सावली शोधणारे मृग, चिखलात रुतून बसलेल्या म्हशी, आटलेली तळी आणि कोमेजलेली माणसे दाखवावीत. पहाट दाखवावयाची तर मंद झालेले दिवे आणि आरवणारे कोंबडे. उन्हाची खूण ऊन सोसणाऱ्याच्या अंगावर शोधणारी ही दृष्टी मला अतिशय प्रगल्भ वाटते. माळव्याच्या सतराव्या शतकातील लघुचित्रांत ती पुरेपूर उतरली आहे. माधोदास नावाच्या चित्रकाराने 1680 मध्ये जी रागमाला रंगविली, तिच्यात उल्लेखिलेले गाव म्हणजे भोपाळच्या वायव्येचे नरसिंहगड, असे विद्वान मानतात. या माळवी चित्रांत काळ्या ढगांचे पट्टे येतात, नागमोडी वीज येते, बगळ्यांची रांग येते. पाऊस आला हे निःसंशय कळते. तो कोणत्या गावी पडतो आहे, हे मात्र कळत नाही. ऋतू आहे, पण ठिकाण नाही.

ठिकाण आपल्याकडे होते ते वाङ्मयात. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आपणांपैकी अनेकांनी अभ्यासक्रमात पाहिली असेल. चक्रधरस्वामी कोठे बसले, कोठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, याची ती काटेकोर नोंद आहे. एखादा मोजणीदारही थक्क व्हावा. परंतु त्या जमिनीचे महत्त्व तिला लागलेल्या पावलांमुळे. देवाची पावले ज्या भूमीला लागली नाहीत, त्या साध्या माळरानाकडे कोणी कशासाठी पाहावे, हा प्रश्न अद्याप उपस्थित झाला नव्हता. आणि हे केवळ आपले दैन्य, असे समजू नये. चीनने दहाव्या-अकराव्या शतकांत डोंगर आणि पाणी यांना चित्राचा श्रेष्ठ विषय मानले खरे. परंतु फ्रेंच अकादमीच्या शिस्तीत सतराव्या शतकापासून पुराण-इतिहासातील प्रसंग सर्वांत वर आणि निसर्गदृश्य फार खाली, अशीच उतरंड होती.

साध्या जमिनीकडे पाहणारा डोळा आपल्याकडे आला तो साहेबाबरोबर; आणि तो निरागस डोळा नव्हता. विल्यम हॉजेस 1780 ते 1783 या काळात हिंदुस्थानात हिंडला. त्यामागून थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे आले. दृश्य अचूक टिपण्यासाठी ते कॅमेरा ऑब्स्क्युराची पेटी बरोबर बाळगीत. 1795 ते 1808 या वर्षांत त्यांची 144 चित्रे विलायतेत छापली गेली. त्याच काळात वुलिच येथील लष्करी विद्यालयात भावी तोफखाना-अधिकाऱ्यांना चित्रकला शिकवीत असत, आणि तेथील मुख्य चित्रशिक्षक होता पॉल सँडबी हा नामांकित निसर्गचित्रकार! टेकडी कोठे उतरते, नदीला उतार कोठे आहे, हे ज्याला कागदावर नीट उतरविता येते त्याला तोफ कोठे ठेवावी हेही समजते. आपल्याकडचे पहिले निसर्गचित्र असे नकाशाच्या कुशीत वाढले. आपल्या सांचीचेच पाहा. 1851 मध्ये कनिंगहॅमबरोबर तेथे खोदकाम करणारा आणि स्तूपांची सुरेख रेखाटने करणारा मेसी हा लष्करी अधिकारीच होता.

या सगळ्यात एक मराठी माणूस उभा आहे, आणि त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवे होते. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने 1790 नंतरच्या वर्षांत गंगाराम तांबट या पुण्याच्या कारागिरास वेरूळ-कार्ल्याची लेणी रेखाटण्याच्या कामी लावले. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशीही त्याचा संबंध आला. सवाई माधवरावांच्या पुण्यातला हा मनुष्य लेण्यांचा दगड, त्याच्या फटी, वरचा डोंगर, आत पडणारा उजेड समोर बसून काढीत होता. वेल्स 1795 मध्ये वारला. त्याची वेरूळची चित्रे पुढे थॉमस डॅनियलने प्रसिद्ध केली आणि त्याचे नाव झाले. गंगारामाची रेखाटने साहेबाच्या संग्रहाबरोबर समुद्रापार गेली. त्याचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे, पुणेकरांना फारसे नाही.

1857 मध्ये मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाली. तेथे निसर्गदृश्य शिकवीत, पण पोट भरे ते व्यक्तिचित्रांवर आणि पौराणिक प्रसंगांवर. सामान्य मराठी माणसाने पहिले भव्य निसर्गचित्र पाहिले ते, माझ्या मते, चित्रशाळेत नव्हे तर नाटकगृहात. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, नदीकाठचा पडदा! कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर बंधूंनी ‘ललितकलादर्श’साठी रंगविलेल्या पडद्यांची ख्याती मोठी होती. ‘देखावा’ हा शब्द आपल्या जिभेवर रुळला त्यास या पडद्यांचाही हातभार असावा. निसर्ग म्हणजे नटाच्या मागे टांगावयाची वस्तू.

त्याच कोल्हापुरात आबालाल रहिमान होते. घराण्यात कुराणाच्या प्रती सुंदर हस्ताक्षरात उतरविण्याची परंपरा. जे. जे.मध्ये शिकून हा माणूस मुंबईच्या मोहात न पडता गावी परतला. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले. परंतु आबालालांचे मन दरबारापेक्षा कोटितीर्थाच्या काठी, पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्याच्या पाण्यात रमले. तेच तळे, तोच काठ. सकाळचा निराळा, दुपारचा निराळा. येथे कोणी राजा-राणी नाही, तीर्थाचे माहात्म्य नाही, तोफेसाठी उतारही कोणी मोजीत नाही. आपल्या घराजवळचे पाणी पाहण्यासारखे आहे, एवढेच त्यांना म्हणावयाचे आहे. मराठी कवितेत बालकवींनी निसर्गाला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा दिली ती याच सुमारास. बालकवींवर आम्ही प्राध्यापकांनी शेकडो पाने लिहिली. आबालालांवर किती लिहिली, याचा हिशेब न मांडणेच बरे. 1922 मध्ये शाहू महाराज निवर्तले, आणि त्या आघाताने आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. 1931 मध्ये ते गेले. जे उरले आहे त्यावरून गेलेल्याचा अंदाज करावयाचा.

आता इंदूर. 1927 मध्ये होळकर संस्थानात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी चित्रकलेची शाळा सुरू केली. मराठी चित्रकलेचा इतिहास मुंबई-कोल्हापूर करीत संपतो आणि आम्ही नर्मदेच्या उत्तरेचे लोक त्यात तळटिपेलाही येत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. देवळालीकरांच्या या शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, देवकृष्ण जोशी, सोलेगावकर अशी मंडळी निघाली. मकबूल फिदा हुसेन यांचेही काही शिक्षण येथलेच. वर्गातल्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकणे ही तेव्हाची सर्वमान्य रीत. इंदूरची मुले मात्र रंगपेटी घेऊन बाहेर पडली. फ्रान्समध्ये हेच झाले होते. 1841 मध्ये रंग धातूच्या नळीत भरून मिळू लागले, आगगाडी शहराबाहेर नेऊ लागली, आणि 1874 च्या प्रदर्शनात मोनेच्या एका पहाटचित्राच्या नावावरून एका संप्रदायालाच नाव पडले. परंतु सीन नदीवरचे धुके माळव्यात कोठून आणावयाचे? येथे वैशाखातले पांढरे ऊन आहे, मातीच्या भिंती आहेत, काळी जमीन आहे. भर दुपारी भिंतीच्या सावलीकडे नीट पाहिले तर ती काळी नसते. तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, समोरच्या मातीचा तांबूस उजेडही असतो. इंदूरच्या चित्रकारांनी ही सावली पकडली. रुंद, निःशंक फटकारे आणि उजळ रंग ही त्या शाळेची ओळख झाली.

बेंद्रे 1910 चे, इंदुरातच जन्मलेले. पुढे काश्मीरपासून दक्षिणेपर्यंत हिंडून त्यांनी निसर्गचित्रे केली आणि 1950 पासून बडोद्यास शिकविले. 1992 मध्ये पद्मभूषण मिळाले, त्याच वर्षी ते गेले. चिंचाळकर गुरुजी इंदुरातच राहिले. उत्तम चित्रे काढता काढता त्यांनी एक दिवस रंगांची आवश्यकताच कमी केली. वाळक्या काटक्या, पाने, टाकाऊ वस्तू उचलून त्यांतच पक्षी आणि माणसे दाखवू लागले. 2000 मध्ये ते निवर्तले. निसर्गाचे चित्र काढण्याऐवजी निसर्गानेच काढून ठेवलेले चित्र ओळखावे, हा त्यांचा मार्ग. आमच्या समीक्षकांनी त्यास ‘छंद’ म्हटले. मला ते मान्य नाही.

हे सारे आपल्या इतके जवळ घडले असताना आपली मुले काय काढतात? ‘देखावा काढा’ म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीत अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी आणि एक नारळ. माजी विद्यार्थ्यांना हसू येते आहे, म्हणजे त्यांच्याही वहीत हेच असणार. या आनंद नगरातून रायसेनच्या रस्त्याने निघावे. दिसतात त्या विंध्याच्या वालुकाश्माच्या टेकड्या, माथ्याशी सपाट, जणू कोणी सुरीने कापल्या आहेत. रायसेनचा किल्लाही अशाच सपाट माथ्यावर बसला आहे. त्रिकोण एकही नाही, आणि नारळाची गोष्ट तर सोडूनच द्या. आमचे आजोबा-पणजोबा कोणी कोकणातून, कोणी वऱ्हाडातून, कोणी शिंदे-होळकरांच्या लष्कराबरोबर इकडे आले. अनेक कुटुंबे भेलच्या कारखान्यामुळे आली. दिवाणखान्यात सह्याद्रीचे चित्र टांगण्यात गैर काही नाही. पण खिडकीबाहेरचा डोंगर पिढ्यान्‌पिढ्या कोणीच काढू नये, हे मला खटकते. त्यातल्या काही टेकड्या आता खाणींनी खाल्ल्या, काहींवर वसाहती चढल्या. त्यांचे चित्र नाही, म्हणजे त्या कशा होत्या हे सांगणारा साक्षीदारही नाही.

शेवटी सय्यद हैदर रझा. ते मराठी नव्हेत. पण नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर जे. जे.मध्ये घडले. 1922 मध्ये मंडला जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या रानात जन्म, वडील वनखात्यात. त्यांची आरंभीची कीर्ती निसर्गदृश्यांची आणि नगरदृश्यांची. 1948 मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सांगितले की चित्रांत रंग आहे, बांधणी नाही, सेझानकडे पाहा. 1950 मध्ये ते फ्रान्सला गेले आणि साठ वर्षे राहिले. तेथे घरे विरघळली, झाडे विरघळली, आणि अखेरीस राहिला एक काळा बिंदू. लोक त्याला अमूर्त म्हणतात. रझा मात्र त्या बिंदूचे मूळ मध्य प्रदेशातल्या शाळेत सांगत: चंचल मुलाचे मन ठरावे म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसविले. उत्तरायुष्यातील त्यांच्या चित्रांना भूमी, बीज, अंकुरण अशी नावे आहेत. जुलै 2016 मध्ये ते दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यास नेऊन वडिलांच्या कबरीशेजारी दफन केले. तेथून नर्मदा जवळच आहे.