विश्वास, खात्री आणि खाशाबा

विश्वास, आत्मविश्वास, खात्री हे शब्द आपण वर्गात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कोल्हापूरच्या इतिहासातला एक प्रसंग आठवला की त्यांतला फरक कळतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव सहावे आले. तांबड्या मातीत कमावलेला आत्मविश्वास होता, मॅटची सवय नव्हती. ती त्यांनी पुढे करून घेतली. पण १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले.

खर्डेकरांना पदकाची खात्री होती का? ती असणार कशी? खात्रीला पुरावा लागतो आणि तो कुस्ती झाल्यावरच मिळणार होता. त्यांच्यापाशी होता तो विश्वास. डाव टाकणारा दुसरा आणि घर आपले! खाशाबांचा मात्र आत्मविश्वास, कारण डाव त्यांनाच टाकायचा होता. (नुसत्या भरवशाचे काय होते, ते म्हशीच्या म्हणीत आलेच आहे.)

खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या भरवल्या आणि आलेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले.