फराळाचं ताट कुठपर्यंत जातं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला काहींनी हसत विचारलं, चकलीचाही इतिहास असतो का? असतो. लढाया आणि तह यांच्या तारखा आपल्याला पाठ असतात; पण आपल्या आज्या-पणज्यांनी वर्षातले जे आठ-दहा दिवस चुलीपाशी घाम गाळत काढले, त्या दिवसांकडे इतिहास म्हणून आपण फारसं पाहत नाही. तर आज एक ताट घेऊ. त्यात दोन करंज्या, दोन लाडू, चार चकल्या, मूठभर शंकरपाळे, चिवडा, जमलं असेल तर एक अनारसा. वर क्रोशाचा रुमाल. हे ताट घरातल्या शेंडेफळाच्या हातात देतात आणि बजावतात, "सांडू नकोस, आणि काकूंना सांग आईने दिलंय." ते ताट परत येताना रिकामं येत नाही. त्या घरचं काही तयार नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आज आपल्याला पाहायचंय ते एवढंच, की हे ताट कुठून निघालं आणि कुठल्या दारापर्यंत गेलं.

आधी शब्द पाहू. फराळ हा मूळचा फलाहार. म्हणजे उपासाला चालणारं खाणं. एकादशीला आपण 'फराळाचं' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ शाबूत असतो, साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाणे वगैरे. आणि दिवाळीत त्याच शब्दाखाली तेलातुपात तळलेलं, साखरेत घोळलेलं सगळं येतं. उपासाचा शब्द मेजवानीला कसा चिकटला? मुख्य जेवणाव्यतिरिक्तचं, भात-पोळी नसलेलं खाणं, एवढाच त्यातला धागा उरला असावा असं आम्हाला वाटतं.

आता ताटातले पदार्थ. सगळे एका वयाचे नाहीत. अनारसा थोरला दिसतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, गूळ मिसळून गोळा मुरत ठेवायचा, खसखशीवर थापून तुपात सोडायचा. यात अमेरिका खंडातून आलेलं काही नाही. आणि इतकं करूनही तो कढईत विरघळून पसरला, तर बायका म्हणतात, "अनारसा हसला." ज्या बाईचा अनारसा हसतो तिला मात्र त्या दिवशी हसू येत नाही!

चिवडा अगदी उलट. त्यातले पोहे आणि कढीलिंब आपले. पण मिरची आणि शेंगदाणे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतलं, त्यानंतरच्या काळात मिरची, काजू, बटाटा अशा वस्तू पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या आणि घाट चढून वर आल्या. म्हणजे आपण ज्याला 'अस्सल मराठमोळा' चिवडा म्हणतो, तो ज्ञानेश्वरांच्या काळात कुणी खाल्लेला असणं शक्यच नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. घरी आलेल्याला आपलं म्हणायला आपल्याला थोडा वेळ लागतो, इतकंच.

करंजीची गोष्ट गोव्यात बघावी. तिथे तिला नेवरी म्हणतात. हिंदूंच्या घरी ती चवथीला होते आणि ख्रिस्ती घरांत नाताळला. गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, 1560 साली आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. 1736 सालच्या त्याच्या एका फर्मानात नवख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या चालीरीतींवर बारीकसारीक बंदी आहे. अंगणात तुळस लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, मीठ न घालता भात शिजवायचा नाही. मीठसुद्धा! एवढी करडी नजर चुलीपर्यंत पोचलेली असताना नेवरी मात्र टिकली. ती दोडोल, कुलकुल, बेबिंकाच्या पंगतीत जाऊन बसली आणि नाताळच्या दिवसांत शेजारी ताटातून जाऊ लागली. चवथीचं ताट इकडून तिकडे, नाताळचं तिकडून इकडे. गोव्यातल्या वाड्यांवर ही देवाणघेवाण आजही दिसते.

गोड पदार्थांचा हिशेब वेगळा, तो साखरेचा. जुन्या काळी शेतकऱ्याच्या घरी गोड म्हणजे गूळ. पांढरी साखर ही पाहुण्यांसमोर ठेवायची वस्तू. 1932 साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले. मग 1950 साली लोणीला, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातला सहकारी कारखाना सुरू झाला. रव्याचा लाडू आणि साखर पेरलेला शंकरपाळा खेड्यातल्या घरातही दिवाळीचा म्हणून रुळला, त्यामागे हे उसाचं राजकारण आहे.

पदार्थ झाले. पण ते सारखेच व्हावेत असं कधी ठरलं? पूर्वी कृती सासूकडून सुनेकडे जायची, आणि 'अंदाजाने घाल' हेच माप. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 साली निघालं, त्यात हजारभर पाककृती. नंतर 1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि मापं वाटी-चमच्यात मांडली गेली. याचं महत्त्व पुरुषांच्या लक्षात येत नाही. नोकरीच्या गावी, सासू नाही, आई नाही, दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीला पहिली भाजणी कुणाला विचारायची हा खरा प्रश्न होता. पुस्तकाने तो सोडवला. त्यात थोडं हरवलंही. घरोघरची चकली हळूहळू एकसारखी होत गेली.

त्या ताटावरच्या रुमालाचंही सांगितलं पाहिजे. क्रोशाची सुई आपल्याकडे मिशनरी बायकांच्या शाळांतून शिरली. पुण्यात 1909 साली सेवासदन निघालं, रमाबाई रानड्यांनी ते वाढवलं; तिथे शिकायला येणाऱ्या बायकांत विधवा कितीतरी, आणि शिवणकाम-भरतकाम हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन होतं. एकीसाठी फावल्या वेळचा छंद, दुसरीसाठी भाकरी. योगायोग असा, की त्याच 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि दुपारी तळण उरकल्यावर लोळत वाचायला एक जाडजूड वस्तू मराठी घरात आली. तो अंकही ताटासारखाच फिरायचा. एका घराने एक घ्यायचा, शेजाऱ्याने दुसरा, आणि अदलाबदल. परत येताना त्यावर तेलाचे डाग आणि मधलं एखादं पान गायब.

मुलांचे उद्योग वेगळे. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि घरच्या खळीचा कंदील. अंगणात पोती, विटा आणि चिखल यांचा किल्ला. त्यावर अळीव पेरायचा, म्हणजे चार दिवसांत हिरवळ उगवते. वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे, आणि प्रमाणाचं भान अजिबात नसल्यामुळे बुरुजापेक्षा वाघ मोठा. चाळीत अंगण नसायचं, मग जिन्याखाली किल्ला व्हायचा. चिखल कालवायला सगळ्या मजल्यांवरची मुलं लागायची, तेव्हा आडनावं विचारायला सवड नसायची.

आणि इथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. ताट कुठपर्यंत जायचं?

शिजवलेल्या भाताला सोवळ्या-ओवळ्याची जेवढी बंधनं होती, तेवढी तळलेल्या कोरड्या पदार्थाला नव्हती. म्हणून ज्या घरी आपण पंगतीला बसणार नाही, त्या घरीही चकली पाठवता यायची. फराळाच्या ताटाला जातीच्या कुंपणातून थोडी वाट मिळाली ती अशी. पण थोडीच. गावात सणाच्या दिवशी ताट वाड्याकडून वाड्याकडे जायचं, आणि महारवाड्यातली माणसं दारोदार जाऊन उरलंसुरलं अन्न मागायची. तो त्यांचा बलुत्यातला 'हक्क' समजला जायचा. तेच घर, तोच सण. एका दाराने रुमाल घातलेलं ताट बाहेर पडतं आणि दुसऱ्या बाजूला, वरून, अंतर राखून, पदरात भाकर टाकली जाते. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा आणि फेकलेले तुकडे सोडा. चवदार तळ्याचं पाणी आपल्या सगळ्यांना आठवतं. तुकडे सोडण्याची ही शपथ तितकी आठवत नाही. आमच्या मते फराळाच्या ताटाचा इतिहास सांगताना ती वगळली, तर उरतो तो अर्धाच इतिहास. 1956 साली नागपुरात धर्मांतर झालं, आणि पुढे अनेक घरांनी दिवाळी करणंच सोडलं. त्यांच्या दाराशी शेजारचं ताट आलं तर ते घ्यायचं की नाही, हा त्या घरांतला फार नाजूक प्रश्न होता. आणि शेजारणीला तो कळलाच नाही, असंही पुष्कळदा झालं.

गिरणगावाकडे येऊ. तिथे फराळ बोनसवर अवलंबून. बोनस हाती आला की तेलाचा डबा, रवा, मैदा, मुलांना कापड. ज्यांचं कुटुंब गावी होतं ते खानावळीत जेवायचे, आणि खानावळवाली महिन्याच्या उधारीवर पंधरा-वीस माणसांचं रांधायची. तिला वाण्याचं आणि सावकाराचं देणं असायचं. प्रेमा पुरव यांनी 1975 साली या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. मग 1981 ची दिवाळी आली. त्या बोनसवरून असंतोष भडकला, कामगार दत्ता सामंतांकडे गेले, आणि 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्या दिवाळीला संप चालूच होता. कामगार गावाकडे निघून गेले, त्यांची उधारी वह्यांत राहिली, आणि खानावळवालीच्या कढईला तेल मिळेना.

तेलावरून आठवलं. मुंबईत 1943 साली रेशनिंग सुरू झालं आणि दिवाळीची साखर ही रांगेत उभं राहून आणायची वस्तू झाली. पुढे कित्येक वर्षं सणासाठी रेशनवर जादा साखर मिळणार का, ही घराघरातली मोठी बातमी असायची. 1972 साली दुष्काळ पडला. डाळ, तेल, साखर, सगळं कडाडलं, बाजारातून गायबही होऊ लागलं. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बायकांनी महागाईविरोधी आघाडी काढली आणि लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत त्या रस्त्यावर आल्या. ज्या लाटण्याने करंजीची पारी लाटायची, तेच लाटणं. वेगवेगळ्या पक्षांच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका होत्या. एकमेकींच्या घरी ताट पाठवलं असतं की नाही कोण जाणे. पण सरकारला जाब विचारायला एका रांगेत आल्या.

आज फराळ विकत मिळतो. तो करणारे हातही बायकांचेच आहेत, फक्त आता बचतगटाच्या पाकिटावर किंमत छापलेली असते. परदेशी असलेल्या मुलांना तो कुरियरने जातो आणि करंज्यांचा निम्मा चुरा होऊन पोचतो. 'विकतचा फराळ म्हणजे संस्कृती बुडाली' असा गळा काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात सोऱ्या दाबलेला नसतो. दाबून बघा एकदा, मनगट दुखून येतं.

घरी करणाऱ्या बायकांची एक रीत सांगतो आणि थांबतो. करंज्या करायला बसलं की शेवटी एक मोदक करायचा, आणि मोदक करायला बसलं की एक करंजी. दोघं भाऊ-बहीण, एकट्याला ठेवायचं नाही. तो एकुलता मोदक मात्र शेजारच्या ताटात जात नाही. तो घरातल्या धाकट्याला मिळतो, ताट पोचवून आल्याबद्दल.

आता प्रश्न घेऊ.