तहाविना मिटलेली भाऊबंदकी : नागपूरकर भोसल्यांचे यादवी युद्ध (१७७२-१७७५)

युद्ध कधी संपले हे सांगताना इतिहासलेखक बहुधा तहाच्या कागदावर बोट ठेवतो. यादवी युद्धांच्या बाबतीत मात्र असा कागद पुष्कळदा सापडतच नाही. तह करावयाचा तर दोन पक्ष लागतात, आणि समोरच्यास बरोबरीचा पक्ष मानावयाचे की नाही, हाच यादवीतील मूळ तंटा असतो. अमेरिकेत ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण गेला. परंतु दक्षिणेकडील राज्यांचा संघ हे स्वतंत्र राष्ट्र आहे, असे उत्तरेच्या शासनाने कधीच न मानल्यामुळे तह झाला नाही. युद्ध संपल्याचे अध्यक्ष जॉन्सन यांनी ऑगस्ट १८६६ मध्ये घोषणेद्वारे जाहीर केले.

वैनगंगेच्या खोऱ्यातील मुर्री, कामठा ही आज गोंदिया तालुक्यात असलेली गावे ज्या राज्यात मोडत होती, त्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातही अशीच एक यादवी घडली. पहिल्या रघूजीचे १७५५ मध्ये निधन झाले तेव्हा त्याला जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी असे चार पुत्र होते. वयाने जानोजी वडील, तर मुधोजी थोरल्या राणीचा पुत्र. त्यामुळे वारसाचा वाद तेव्हाच उद्भवला होता. पुण्याच्या निवाड्याने सेनासाहेबसुभा हे पद जानोजीकडे गेले, आणि मुधोजीस सेनाधुरंधर हा किताब व चांद्याचा प्रदेश मिळाला. भावाभावांत तह नव्हता, वरून आलेला निर्णय होता. पुढे १७६९ मध्ये कनकापूर येथे तह झाला, तो पेशवा माधवराव व जानोजी यांच्यात.

जानोजीस पुत्र नव्हता. मुधोजीचा मुलगा रघूजी यास दत्तक घेण्याचे त्याने योजिले होते. मे १७७२ मध्ये जानोजी वारला. त्याची विधवा दर्याबाई हिने प्रारंभी साबाजीचा पक्ष उचलून धरला, तर मुधोजी आपल्या मुलाच्या हक्कासाठी उभा राहिला. या वेळी निवाडा देणारे पुणेच डळमळले होते. माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये वारला, नारायणरावाने साबाजीस मान्यता दिली, आणि ऑगस्ट १७७३ मध्ये त्याचाच खून झाला. रघुनाथरावाचा कल मुधोजीकडे होता. पुढे त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या कारभाऱ्यांनी साबाजीस जवळ केले. ज्या सनदेने १७५५ चा वाद शमला, ती देणारा हातच आता एक राहिला नव्हता. या यादवीच्या लांबणीचे खरे कारण भावांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा येथे शोधणे अधिक युक्त होय. अकोल्यानजीक कुंभारी येथे दोन्ही सैन्ये भिडली, मध्यंतरी समेटही झाला, पण तो टिकला नाही.

अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगाव येथे निर्णायक लढाई झाली. मुधोजीचे सैन्य मागे हटले व तो शत्रूच्या गराड्यात सापडला. जय आपलाच झाला असे समजून साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीजवळ नेला आणि त्यास शरण येण्यास सांगितले. मुधोजीने गोळी झाडली. साबाजी जागीच ठार झाला. सरदारांना आता लढण्यास धनीच उरला नाही आणि हरत आलेला पक्ष क्षणात विजयी ठरला. कोणाचे काय, हे लिहून ठेवण्याचा प्रश्नच आला नाही. दुसरा रघूजी सेनासाहेबसुभा झाला. मुधोजी १७८८ मध्ये वारला, तोपर्यंत कारभार त्याच्याच हाती होता.

याउलट शाहू व कोल्हापूरकर यांच्यातील दीर्घ कलह १७३१ मध्ये वारणेच्या तहाने मिटला, कारण तेथे दोन गाद्या मान्य करण्याची तयारी होती. नागपुरात गादी एकच ठेवावयाची होती. राज्य अखंड राहिले हा लाभ खराच; पण वारस कोणी व कसा ठरवावयाचा, याचा नियम मात्र पाचगावने दिला नाही. दुसऱ्या रघूजीनंतर गादीवर आलेल्या परसोजीचा फेब्रुवारी १८१७ मध्ये खून झाला, आणि मुधोजीचा नातू अप्पासाहेब राजा झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीवर इंग्रजांशी लढाई झाली. अप्पासाहेब १८१८ मध्ये कैदेतून निसटला, तेव्हा कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल त्याच्या बाजूने उठला. कॅप्टन गॉर्डनने कामठ्याचा किल्ला लढून घेतला. इंग्रजांनी १८२६ मध्ये तह केला तो तिसऱ्या रघूजीशी. सीताबर्डीच्या वेळी हा राजा अल्पवयीन होता. ज्याच्या नावाने कामठा लढला, तो अप्पासाहेब १८४० पर्यंत जिवंत होता आणि जोधपूरच्या आश्रयास असतानाच वारला.