वळिवडेची पोलिश छावणी (१९४३–१९४८) : युद्धकालीन मदत-वाहतुकीच्या दृष्टीने एक पुनर्विचार

प्रस्तावना :

कोल्हापूरच्या आधुनिक इतिहासात वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या छावणीचा उल्लेख बहुधा संस्थानी औदार्याचे उदाहरण म्हणून येतो. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आणि २०१७ साली वॉर्सॉ येथे उभे राहिलेले कोल्हापूरचे स्मारक यांमुळे ही स्मृती दृढ झाली आहे. तीमागील कृतज्ञता खरीच आहे. परंतु राजाराम महाराजांचे निधन नोव्हेंबर १९४० मध्ये झाले होते आणि छावणी भरू लागली त्या १९४३ साली गादीवर दत्तक आलेले, वयाने केवळ शिशू असलेले शिवाजी महाराज होते. तेव्हा 'महाराजांनी आश्रय दिला' हे नेहमीचे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. सुमारे पाच हजार माणसे मध्य आशियातून पंचगंगेच्या खोऱ्यात पोहोचली कशी, हा प्रश्न विचारला की आश्रयदात्यांची यादी बरीच लांबते. प्रस्तुत लेखात त्या वाहतुकीचा विचार केला आहे.

मार्ग आणि परतीची फेरी :

१९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व कझाकस्तानकडे हद्दपार केले. जर्मनीच्या आक्रमणानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि या लोकांची मुक्तता मान्य झाली. मात्र मुक्त झालेल्यांजवळ अन्न नव्हते, वस्त्र नव्हते आणि प्रवासाचे साधनही नव्हते.

मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत युजेनियुश बनाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी रेडक्रॉसच्या साहाय्याने मदतसामग्री गोळा केली. ती मालमोटारींतून क्वेट्टा, झाहेदान व मशहद या मार्गाने अश्गाबादपर्यंत नेण्यात आली. येथे एक गोष्ट अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी. औषधे व कपडे उतरवल्यावर त्याच मोटारी रिकाम्या परतल्या नाहीत, तर अनाथ मुलांना घेऊन आल्या. ही मुले १९४२ मध्ये प्रथम वांद्रे येथे आणि नंतर नवानगरच्या जामसाहेबांनी दिलेल्या बालाचडीच्या जागेत राहिली. परतीची रिकामी फेरी माणसांसाठी वापरण्याची ही कल्पना साधी वाटते. पण तिच्यासाठी इराण, ब्रिटिश हिंदुस्थान व सोव्हिएत संघ या तिन्ही ठिकाणच्या परवानग्या एकाच वेळी जुळाव्या लागत. एक शिक्का राहिला तर वाळवंटात मोटार उभी, असा तो प्रकार होता.

मोठा लोंढा मात्र समुद्रमार्गे आला. मार्च–एप्रिल व ऑगस्ट १९४२ अशा दोन टप्प्यांत कॅस्पियन ओलांडून सैनिक व नागरिक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. अश्गाबाद मार्गाने आलेले धरून ही संख्या सुमारे १ लाख १५ हजार होती. इराणचे रस्ते व लोहमार्ग त्या काळी रशियाकडे जाणाऱ्या युद्धसामग्रीने व्यापलेले होते. दक्षिणेकडे निघालेल्या निर्वासितांना त्याच मार्गांवर जागा मिळवावी लागली. त्यांपैकी हिंदुस्थानात यावयाचे गट इराणी आखातातून कराचीस येत व तेथील तात्पुरत्या छावणीत थांबून पुढे रवाना होत.

वळिवडे :

शेवटचा टप्पा आगगाडीचा होता. कोल्हापूर–मिरज हा लोहमार्ग १८९१ साली संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाला होता आणि वळिवडे त्याच मार्गावर आहे. पुण्याच्या दक्षिणेस मीटरमापी रूळ असल्याने रुंदमापी गाडीतून आलेले प्रवासी व सामान पुण्यास उतरवून पुन्हा चढवावे लागे. वृद्ध, आजारी व लहान मुले यांच्या बाबतीत ही अदलाबदल किती कष्टाची असेल, याची कल्पना करता येते. छावणीसाठी या जागेची निवड होण्यात सौम्य हवामानाइतकाच रुळांचा शेजारही महत्त्वाचा ठरला असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खर्च पोलिश सरकारच्या नावे, देखरेख हिंदुस्थान सरकारची आणि भूमी संस्थानाची, अशी ही व्यवस्था होती. छावणीत शाळा, रुग्णालय, चर्च व नाट्यगृह उभे राहिले. बालाचडीप्रमाणे येथे सामुदायिक भोजनगृहावर भर नव्हता. कुटुंबांना भत्ता मिळे आणि ती बाजारहाट करून आपापला स्वयंपाक करीत. रसद-व्यवस्थेच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. शिजवलेले अन्न वाटण्याचा भार त्याने टळला आणि भाजी, दूध, कोळसा पुरविण्याचे काम परिसरातील शेतकरी व व्यापाऱ्यांकडे गेले. परदेशी बायका व स्थानिक विक्रेते यांचा परिचय झाला तो याच व्यवहारातून.

या चित्राला एक अस्वस्थ करणारी बाजू आहे. ज्या १९४३ साली वळिवड्यात निर्वासित येत होते, त्याच साली बंगालमध्ये लाखो लोक उपासमारीने व रोगराईने मेले. फार दूर कशाला, विजापूर जिल्हाही त्याच सुमारास दुष्काळाने होरपळत होता. वाघिणी आणि जहाजे अपुरी होती, हे कारण तेव्हा वारंवार सांगितले गेले. पाच हजार निर्वासितांसाठी लागलेली साधने बंगालच्या गरजेपुढे नगण्य होती. त्यांच्यामुळे कोणाचा घास हिरावला गेला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही जेथे दूतावास, पैसा व राजकीय इच्छा एकत्र आली तेथे वाहन मिळाले, आणि जेथे ती आली नाही तेथे मिळाले नाही, हे नोंदवावेच लागते. वळिवड्याची कथा केवळ करुणेची म्हणून सांगितली की हा फरक दृष्टीआड होतो.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीचा आर्थिक आधारच सुटला. जबाबदारी प्रथम ब्रिटिश समितीकडे आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्वसन यंत्रणेकडे गेली. १९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन तेथील मुलेही वळिवड्यास आली. मायदेशी साम्यवादी राजवट आल्यामुळे परतणारे थोडेच होते. बहुतेकांनी ब्रिटन व अन्य देशांची वाट धरली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. फाळणीनंतर विस्थापित झालेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकींत जागा देण्यात आली आणि तेथे गांधीनगर ही वसाहत वाढली. कापडाच्या घाऊक व्यापारासाठी ती पुढे दक्षिण महाराष्ट्रात सर्वपरिचित झाली.