गेला तो कुठं गेला?

पोरानं जीव दिला की रोह्या-पेणकडच्या वस्त्यांत अजून कुणी म्हणतंच, 'आत्मा भटकणार, भगताला बोलवा.' १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात श्राद्ध नाही, पिंडदान नाही. पिंड सुटला, भूत मात्र मानगुटीवर राहिलं. अरे, आत्माच नाही तर भटकणार काय?

हा शोध जुनाच आहे. राजगृहाला गोधिक भिक्खूनं जीव दिला, तेव्हा त्याचं विञ्ञाण कुठं गेलं म्हणून मार चारी दिशा धुंडत फिरला. काही सापडलं नाही. मार म्हणजे आपला भगतच की!

वैशालीला देहाची किळस येऊन कित्येक भिक्खूंनी जीव दिला, दुसऱ्याकडून मारूनही घेतलं. तेव्हा तिसरा पाराजिक नियम झाला : माणूस मारील तो संघाबाहेर. पुढं, मरणाची थोरवी गाऊन दुसऱ्याला मरायला लावील तोही बाहेर. दंड ढकलणाऱ्याला झाला. आपण मेलेल्याच्या आईला टोचून खातो.

छन्न भिक्खू असह्य दुखण्यानं मरायला निघाला. सारिपुत्त म्हणाला, 'मरू नकोस. पथ्याचं अन्न नसेल तर मी आणतो, औषध आणतो, सेवा करतो.' छन्न थांबला नाही. तरी बुद्धानं त्याला दोष दिला नाही.

रोह्याच्या दक्षिणेला कुड्याची लेणी आहेत. दान देणाऱ्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्खुणी आहे. आणि एक वैद्यही आहे.