27 जुलै 1901 : नव्या ग्लायडरची पहिली चक्कर

सेकंडहँड बाइक घेताना आपण काय करतो? गल्लीतून एक चक्कर मारतो. ब्रेक दाबतो, हँडल एका बाजूला ओढतंय का बघतो, आणि परत येऊन म्हणतो, "जरा जड वाटतेय रे." आता हेच ग्लायडरचं करायचं. ब्रेक नाहीत, आणि काही खटकलं तर गाडी बाजूला घेऊन थांबायची सोय नाही.

कामशेतला मी पॅराग्लायडिंग शिकायला गेलो, तेव्हा अख्खा पहिला दिवस जमिनीवरच गेला. पंख वाऱ्यावर उचलायचा, डोक्यावर धरायचा, पडला की परत. शेवटी वैतागून विचारलं, "सर, उडायचं कधी?" सर म्हणाले, "आधी तो तुला कुठे ओढतो ते कळू दे." तेव्हा राग आला होता. राइट बंधूंचं वाचल्यावर तो गेला.

पण त्यांच्याआधी जर्मनीतला ओटो लिलिएंथाल. 1891 पासून हा माणूस स्वतः बनवलेल्या पंखांना लटकून टेकड्यांवरून उड्या घेत होता. साधारण 2000 उड्डाणं केली त्याने. तोल सांभाळायचं साधन एकच, स्वतःचं शरीर. नाक वर गेलं की पाय पुढे झोकायचे, डावीकडे कललं की उजवीकडे. 9 ऑगस्ट 1896 ला श्टॉल्न गावाजवळ त्याचं ग्लायडर हवेत जवळजवळ थांबलं, त्याने पाय झोकून पाहिले, पण ते सावरलं नाही. सुमारे 15 मीटरवरून तो खाली आला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

डेटनमध्ये सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने नंतर एक हिशोब मांडला. पाच वर्षांत लिलिएंथाल प्रत्यक्ष हवेत होता जेमतेम पाच तास! पाच तासांच्या सरावावर कुणी सायकल घेऊन भर बाजारात शिरेल का?

आता चला किल डेव्हिल हिल्सला, नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर. 1901 च्या जुलैत विल्बर आणि ऑरव्हिल नवं ग्लायडर घेऊन तिथे आले. 22 फुटी दोन पंख, एकावर एक. वजन साधारण 100 पौंड. आदल्या वर्षीचं 17 फुटी होतं आणि छान ऐकायचं. नवं मोठं केलं, आणि पंखाचा बाक लिलिएंथालच्या आकड्यांच्या भरवशावर वाढवला. विल्बर खालच्या पंखावर पालथा झोपायचा, दोघं जण पंखांची टोकं धरून पळायचे आणि सोडून द्यायचे. नाकासमोर एक छोटा आडवा पंख, म्हणजे एलिव्हेटर, आणि तो विल्बरच्या हातात.

27 जुलैला पहिला प्रयत्न. ग्लायडरने थोडंसं जाऊन नाक वाळूत घातलं. विल्बर जरा मागे सरकून झोपला. परत तेच. अजून मागे. ठरवलेल्या जागेपासून जवळपास फूटभर मागे गेल्यावर ते 300 फुटांहून थोडं जास्त गेलं, पण कसं? वरखाली हेलकावे खात, आणि एलिव्हेटर पूर्ण ताकदीने वापरल्यावर. खाली उभ्या लोकांना हे झकास उड्डाण वाटलं. वर झोपलेल्याला कळत होतं की हे यंत्र आपल्या ताब्यात नाहीये.

मग एका फेरीत ग्लायडर वर वर चढत गेलं आणि हवेत थांबलं. लिलिएंथाल ज्यात अडकला तेच! खालून ओरडण्याचा आवाज आला. विल्बरने एलिव्हेटर पूर्ण फिरवला, शरीर थोडं पुढे घेतलं, आणि ग्लायडर जवळपास आडवंच राहून अलगद वाळूवर बसलं. थोड्या फेऱ्यांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा वाचला.

मला या माणसाचं कौतुक इथे वाटतं. "सवय होईल" म्हणून तो उडत राहिला नाही. दोघांनी वरचा पंख सुटा केला आणि नुसता दोरीवर पतंगासारखा उडवला. मंद वाऱ्यात पंख वर ओढायचा. वारा वाढला की सपाट राहायचा. आणखी वाढला की खाली झेपावायचा! वारा पंखाला जिथून उचलतो ती जागा एका मर्यादेनंतर उलटी, मागे सरकत होती, म्हणून नाक खाली जात होतं. दोष पंखाच्या जास्तीच्या बाकात होता. त्यांनी तारांनी फासळ्या ओढून बाक बराच कमी केला. परत उडवलं तर हँडलिंग एकदम सुधारलं. उताराच्या चढउतारांवरून, वाळूला जवळजवळ चिकटून ग्लायडर जाऊ लागलं. सगळ्यात लांबची फेरी 389 फुटांची.

पण वळवायला गेलं की दुसरंच दुखणं. पंखाची टोकं पिळून एक बाजू उचलायची, आणि ग्लायडर कधी कधी भलत्याच बाजूला वळायचं. उचलण्याची ताकदही आकडेमोडीच्या साधारण एक तृतीयांशच भरली. विल्बर इतका खचला की भावाला म्हणाला, अजून 50 वर्षं तरी माणूस उडत नाही. हे त्याने स्वतःच 1908 मध्ये पॅरिसमधल्या भाषणात सांगितलंय.

घरी येऊन त्यांनी एक छोटा वाऱ्याचा बोगदा बनवला, त्यात 200 च्या आसपास छोटे पंख तपासले आणि स्वतःचे आकडे काढले. 1902 चं ग्लायडर या आकड्यांवर बनलं. मागे शेपूट लावलं, पण ते घट्ट बसवलेलं होतं, त्यामुळे कधी कधी कललेली बाजू सावरायचीच नाही आणि ग्लायडर फिरत वाळूत रुतायचं. ऑरव्हिल म्हणाला, शेपूट हलतं करू. विल्बर म्हणाला, मग ते पंख पिळण्याच्या तारांनाच जोडू, म्हणजे वैमानिकाला वेगळं काही करायला नको. ऑक्टोबरात ते ग्लायडर 622 फूट गेलं, 26 सेकंद हवेत, आणि विल्बर सांगेल तिकडे वळत.

1903 च्या इंजिनाची गोष्ट पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या बाइकचं हँडल कुठे ओढतंय ते कमेंटमध्ये कळवा!